सागराला नारळ आणि सागराला उसंत

श्रावण शुद्ध पौर्णिमा ही आपल्या पंचांगातील मोठी भाग्यवान तिथी होय. ह्या एकाच दिवशी बहीण भावाच्या मनगटावर राखी बांधते, वैदिक मंडळी श्रावणी करून नवे यज्ञोपवीत धारण करतात आणि डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर कोळी बांधव सागराचे पूजन करून त्यास नारळ अर्पण करतात. सोनेरी वेष्टनाने मढविलेला तो नारळ, वाजतगाजत बंदराकडे निघणारी मिरवणूक, रंगरंगोटी करून पताकांनी नटविलेल्या होड्या, ठेवणीतले लुगडे नेसून आणि दागिने घालून निघालेल्या कोळिणी आणि घरोघरी दरवळणारा नारळीभात ह्यांनी किनाऱ्यावरील प्रत्येक कोळीवाडा त्या दिवशी उजळून निघतो.

ह्या सोहळ्याकडे आपण बहुधा आरंभाचा उत्सव म्हणून पाहतो. पावसाचा जोर ओसरला, दर्या निवळला, आता होड्या पुन्हा पाण्यात लोटावयाच्या, असा त्याचा अर्थ आपण लावतो. तो चुकीचा नाही. पण तो अर्धाच आहे. कारण नारळी पौर्णिमा जशी आरंभाची तिथी आहे, तशी ती एका दीर्घ व्रताच्या उद्यापनाचीही तिथी आहे. ज्येष्ठ आणि आषाढ हे दोन महिने दर्याला हात लावावयाचा नाही, त्याच्या उदरात वाढणाऱ्या जीवांना वाढू द्यावयाचे, हे ते व्रत. आणि जे व्रत आचरले नाही त्याचे उद्यापन करता येत नाही, हे आपल्या घरांतील आयाबहिणींना सांगावयास नको. नारळ वाहण्याचा अधिकार दर्याला उसंत देणाऱ्यालाच पोहोचतो. आजच्या सणाच्या निमित्ताने ह्या विसरल्या जाणाऱ्या अर्ध्या अर्थाचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

आगोट आणि बेगमी

कोकणात पावसाळ्याच्या तोंडाला ‘आगोट’ म्हणतात. आगोट जवळ आली की कोळीवाड्यांत एक वेगळीच लगबग सुरू होते. होड्या भरतीच्या पाण्याबरोबर वर ओढून घ्यावयाच्या, माडाच्या झापांनी त्या शाकारून ठेवावयाच्या, जाळी धुऊन, वाळवून, तुणून टांगावयाची, आणि त्याच वेळी चार महिन्यांची बेगमी करावयाची. वलांडीवर उन्हात वाळलेले बोंबील, अंगणात पसरून सुकविलेला जवळा, करंदी आणि सोडे डब्यांत भरले जातात. गोमंतकात ह्याच बेगमीला ‘पुरुमेंत’ म्हणतात आणि तिच्यासाठी पावसापूर्वी खास बाजार भरतात. ताजी मासळी मिळणार नाही हे गृहीत धरून संसाराची घडी बसविण्याची ही रीत आहे. संयमाला आधी तयारी लागते, हा तिचा धडा. उपास आयत्या वेळी ठरविता येत नाही.

त्या दोन महिन्यांत सागराच्या पोटात काय चालते? सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस शेकडो नद्या-ओढ्यांतून डोंगरउतारावरचा गाळ आणि पालापाचोळ्याचा कस खाड्यांत आणून टाकतो. ह्या पोषक द्रव्यांवर पाण्यातील सूक्ष्म वनस्पती फोफावतात, त्यांवर सूक्ष्म प्राणी जगतात, आणि त्यांवर माशांची नुकती जन्मलेली पिल्ले पोसली जातात. सर्वच मासे पावसाळ्यात वितात असे नव्हे. परंतु आपल्या किनाऱ्यावरील अनेक जातींचा विणीचा किंवा पिल्लांच्या वाढीचा काळ ह्याच सुमारास येतो. शेतात पेरणी झाली की शेतकरी जनावरांना बांधापलीकडे ठेवतो. दर्याच्या शेतातली पेरणी डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक.

मात्र येथे एक गोष्ट स्पष्टपणे मान्य केली पाहिजे. आमच्या पूर्वजांनी ही बंदी केवळ मत्स्यबीजाच्या कळवळ्याने पाळली, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. शिडाच्या होडीला आषाढातील दर्यात जाणे शक्यच नव्हते. वादळवाऱ्याने दार लावून घेतलेले असे, आणि त्या बंद दाराला माणसाने श्रद्धेने हात जोडले. पूर्वी हा संयम निसर्गच आपल्याकडून पाळवून घेत असे. आता तो आपला आपण पाळावयाचा आहे. सारा प्रश्न येथूनच सुरू होतो.

पंचांगातून शासनाच्या आदेशात

स्वातंत्र्योत्तर काळात होड्यांना इंजिने बसली. सुताच्या आणि तागाच्या जाळ्यांची जागा नायलॉनने घेतली. बर्फाची सोय झाली, निर्यातीचा बाजार खुला झाला आणि समुद्राच्या तळावरून ओढत नेल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांची नौका किनाऱ्यावर दिसू लागली. ह्या यांत्रिकीकरणाने अनेक कोळी कुटुंबांना बरे दिवस दाखविले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण जी नौका वादळाला पूर्वीइतकी भीत नाही, तिला थांबवील कोण?

हा प्रश्न प्रथम किनाऱ्यावरच्या लहान मच्छीमारांनीच विचारला. गोमंतकात सत्तरच्या दशकात रापणकरांनी मोठे आंदोलन उभारले. रापण म्हणजे होडीने अर्धवर्तुळाकार सोडून दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून ओढावयाचे प्रचंड जाळे. ते ओढावयास वाडीतील डझनावारी माणसे लागतात आणि आलेल्या मासळीचे वाटे ओढणाऱ्या सर्वांना मिळतात. ट्रॉलरांनी किनाऱ्यालगतचे पाणी खरवडून काढल्यावर ह्या रापणी रिकाम्या येऊ लागल्या, आणि त्यातून चाललेल्या लढ्यानंतर १९८० साली गोवा, दमण व दीवसाठी सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. महाराष्ट्राचा कायदा १९८१ सालचा. पुढे १९८८ साली केरळमध्ये पावसाळी ट्रॉलिंगबंदी सुरू झाली, तीही मच्छीमारांच्या दीर्घ आंदोलनानंतरच. म्हणजे ज्यास आपण आज ‘सरकारी बंदी’ म्हणून नावे ठेवतो, तिच्या मुळाशी किनाऱ्यावरच्या माणसांचीच मागणी आहे, हे ध्यानात ठेवावे.

महाराष्ट्रातील जुन्या आदेशांतील एक तपशील मोठा बोलका आहे. बंदीचा काळ १० जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत किंवा नारळी पौर्णिमेपर्यंत, ह्यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत, असे त्यांत ठरविलेले असे. आधुनिक शासनाच्या कागदावर एक तिथी कायद्याची मर्यादा होऊन बसली, असे उदाहरण क्वचितच सापडेल. २०१५ सालापासून पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र एकच काळ असावा ह्या विचाराने १ जून ते ३१ जुलै ह्या ६१ दिवसांची बंदी लागू झाली. यांत्रिक बळाशिवाय चालणाऱ्या पारंपरिक होड्या तीतून वगळल्या आहेत.

आता तिथी आणि तारीख ह्यांची फारकत झाली. २०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली. २०२४ साली ती १९ ऑगस्टला, तर २०२५ साली ८ ऑगस्टला होती. म्हणजे नारळ पाण्यात पडण्याच्या आधीच आठवडा, पंधरवडा, क्वचित महिनाभरही, नौका दर्यात जाऊन आलेल्या असतात. ऑगस्टच्या आरंभी दर्या पुरता निवळलेला नसतो, आणि पिल्लेही पुरती वाढलेली नसतात. म्हणूनच बंदीचा काळ वाढवून तो निदान १५ ऑगस्टपर्यंत न्यावा, ही मागणी पारंपरिक मच्छीमारांकडून वारंवार पुढे आली आहे. आमच्या मते शासनाने ती मागणी गांभीर्याने ऐकावी; पण एखाद्या वाडीने आपल्यापुरते ‘नारळ वाहिल्याशिवाय नौका लोटावयाची नाही’ असे ठरविले, तर त्यास कोणत्या कायद्याची आडकाठी आहे?

जाळ्याचा आस

बंदी दोन महिन्यांची. उरलेल्या दहा महिन्यांचे काय? तेथे प्रश्न येतो जाळ्याच्या आसाचा, म्हणजे दोन गाठींमधील छिद्राचा. आस जितका बारीक, तितके लहान जीव जाळ्यात अडकणार. ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या खोळीस किमान ४० मिलिमीटरचा चौकोनी आस असावा, असा नियम आहे. त्यामागील शास्त्र सोपे आहे. शंकरपाळ्याच्या आकाराचा आस जाळे ताणले गेले की मिटतो आणि पिल्लांची वाट बंद होते; चौकोनी आस ताणाखालीही उघडा राहतो आणि लहान मासे निसटून जातात. नियम पाळणाऱ्याचे आजचे चार किलो कमी होतात, पण निसटलेले पिल्लू उद्या पूर्ण वाढून कोणाच्या तरी जाळ्यात येते.

‘कोणाच्या तरी’ ह्या दोन शब्दांतच सारे दुखणे साठलेले आहे. पण त्याकडे वळण्यापूर्वी हेही सांगितले पाहिजे की, दोष केवळ मोठ्या जाळ्यांचा नाही. भरती-ओहोटीच्या प्रवाहात खुंटांना बांधून लावली जाणारी आपली पारंपरिक डोल जाळी बोंबील आणि जवळा आणून देतात. पण त्यांच्या शेवटच्या खोळीचा आस अतिशय बारीक असतो आणि तीत पापलेटाची कोवळी पिल्लेही सापडतात. परंपरा आहे म्हणून ती आपोआप निर्दोष ठरत नाही.

परिणाम आकड्यांत दिसू लागले आहेत. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या नोंदींप्रमाणे २०१९ साली महाराष्ट्राची सागरी मासळी सुमारे २.०१ लाख टनांवर आली. ४५ वर्षांतील तो नीचांक होता. त्या वर्षी वादळांमुळे नौकांचे अनेक दिवस वाया गेले हे खरे. पण सारा दोष वादळावर ढकलून मोकळे होता येणार नाही. शासनानेही पावले उचलली. २०१६ साली पर्ससीन जाळ्यांवर कडक मर्यादा आल्या. २०१७ साली केंद्राने प्रखर दिव्यांच्या उजेडात मासळी गोळा करून पकडण्यास मनाई केली. २०२३ साली महाराष्ट्राने रुपेरी पापलेटाला, म्हणजे सरंग्याला, राज्यमाशाचा मान दिला आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी ठरवून दिली. सरंग्यासाठी ती १३५ मिलिमीटर आहे. म्हणजे अर्ध्या वितीहून थोडी अधिक. मान दिला, मापही दिले. आता ते माप पाळणारे हात हवेत.

एकट्याचा संयम पुरत नाही

आम्ही नेहमी ऐकतो की, ‘मी सोडले तर दुसरा पकडणारच, मग मीच का उपाशी राहावे?’ हा प्रश्न लोभी माणसाचा नाही. कर्ज काढून नौका बांधलेल्या, डिझेलचे आणि खलाशांचे पैसे आगाऊ दिलेल्या गृहस्थाचा तो प्रश्न आहे, आणि त्यास उपदेशाने उत्तर देता येणार नाही. बंदीच्या काळासाठी गरजू पारंपरिक मच्छीमारांना केंद्राच्या योजनेतून मिळणारे साहाय्य पाहा. मच्छीमाराने स्वतःचे १५०० रुपये साठवावयाचे, शासनाने ३००० घालावयाचे, आणि ते ४५०० रुपये तीन महिन्यांत परत घ्यावयाचे. एवढ्यात घर चालत नाही. ज्या संयमाचे फळ सर्वांच्या ताटात पडते, त्याचा भार एकट्या कोळ्याच्या खांद्यावर टाकणे हा न्याय नव्हे.

त्याच वेळी हेही खरे की, दर्या कोणा एकाच्या मालकीचा नसल्यामुळे एकट्याने केलेला त्याग पाण्यात विरून जातो. येथे व्रत एकट्याचे असून भागत नाही. ते वाडीचे असावे लागते. आपल्या कोळी जमातींना ही गोष्ट नवीन नाही. डोलीचे खुंट कोणी कोठे मारावेत, रापणीचे वाटे कसे घालावेत, तंटा झाल्यास तो कोणी मिटवावा, ह्याचे निवाडे कायदे येण्याच्या कितीतरी आधी जमातीच्या बैठकीत होत आले आहेत. त्याच बैठकीत आसाचे माप आणि पिल्लांचा प्रश्न का येऊ नये? बंदरावर उतरणाऱ्या टोपल्यांत अर्ध्या वितीचे सरंगे दिसले, तर शासनाचा अधिकारी येण्याची वाट न पाहता वाडीनेच विचारणा करावी. नौका परकी असो की आपल्या भावाची, नियम एकच. बाहेरून आलेल्यांना दोष देणे सोपे असते. आपल्या बंदरावरचा काटा आधी सरळ केला, म्हणजे त्या तक्रारीला वजन येते.

एका गावाने मनावर घेतले तर काय होते, ह्याचे उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातच आहे. मंडणगड तालुक्यातील वेळास गावी सागरी कासवांची अंडी पूर्वी सर्रास उकरून नेली जात. २००२ साली सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेच्या प्रयत्नाने तेथे घरट्यांचे रक्षण सुरू झाले आणि ग्रामस्थांनी ते काम आपले म्हणून स्वीकारले. आता पिल्ले समुद्राकडे जाताना पाहावयास दुरून माणसे येतात, गावातील घरांत उतरतात आणि त्या घरांना चार पैसे मिळतात. जे हात अंडी उकरीत, ते अंड्यांभोवती कुंपण घालू लागले. जाळ्यात सापडलेले कासव किंवा देवमुशी यांसारखे संरक्षित जीव जाळे कापून सोडून देणाऱ्या मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजनाही महाराष्ट्रात २०१८ सालापासून आहे. नुकसान वाटून घेतले, की दया परवडते.

वाडीने करावयाचे, नगराने करावयाचे

किनाऱ्यावरची कामे आणखीही आहेत. माडाच्या झापांऐवजी आता होड्यांवर प्लॅस्टिकच्या ताडपत्र्या येतात, आणि फाटल्या की त्या दर्यातच जातात. तुटलेले नायलॉनचे जाळे कुजत नाही. ते पाण्यात तरंगत वर्षानुवर्षे मासे मारीत राहते, आणि ते मासे कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत. जुनी जाळी गोळा करण्यासाठी बंदरावर एक ठरावीक जागा केली, तरी पुष्कळ साधेल. केरळमधील कोल्लम जिल्ह्यात २०१७ सालापासून मच्छीमारांनी जाळ्यात आलेला प्लॅस्टिकचा कचरा परत पाण्यात न टाकता बंदरावर आणून देण्यास आरंभ केला, आणि त्याचा भुगा रस्त्यांच्या डांबरात मिसळला जाऊ लागला.

खाडीकाठची तिवरांची राने हीही दर्याचीच घरे होत. कोळंबी, खेकडे आणि कितीएक माशांची पिल्ले ह्या मुळांच्या आडोशाने वाढतात. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांची तोड थांबविण्याचे आदेश दिले, आणि २०१२ साली राज्याच्या वनखात्यात कांदळवनांसाठी स्वतंत्र कक्ष निघाला. तरीही भराव घालणारे हात थांबलेले नाहीत. हे भराव बहुतांशी कोळ्यांनी घातलेले नाहीत, आणि खाड्यांत सोडलेले मैलापाणीही बहुतांशी नगरांचे आहे, हे आम्ही नगरवासीयांनी प्रामाणिकपणे ओळखले पाहिजे. दर्याला उसंत देण्याचे व्रत केवळ जाळेवाल्याचे असूच शकत नाही.

सणाच्या दिवशी तरी पाण्यात नारळ आणि फुले ह्यांशिवाय काही पडू नये. थर्मोकोलची आरास, प्लॅस्टिकच्या माळा आणि पताका ह्यांची पूजा वरुणदेवतेने कधी मागितली नव्हती.

ताटाशी बसलेल्यांचे व्रत

सरतेशेवटी आपण, म्हणजे जे मासळी पकडीत नाही पण चवीने खातो, ते. आपल्याकडे अनेक घरांत श्रावणात मासळी वर्ज्य असते. पंचांगाने आषाढातील दर्याची बंदी आणि श्रावणातील ताटाची बंदी किती जवळजवळ ठेवली आहे, ते पाहावे. कोळ्याने पकडावयाचे थांबविले आणि गिऱ्हाइकाने मागावयाचे थांबविले, तर बंदीला पहारेकरी लागत नाही. मागणी थांबली नाही, तर पहारे कितीही बसविले तरी जाळी पडतच राहतात.

ताटलीत अखंड मावेल एवढे छोटे पापलेट पुढे ठेवण्याची खाणावळींची रीत आहे, आणि लग्नाच्या पंगतींतही आता ती आली आहे. पण ते पापलेट म्हणजे बहुधा न वाढलेले पिल्लू. बाजारात कोळिणीच्या पाटीपुढे उभे राहिल्यावर हाताची वीत मासळीशी लावून पाहावी; अर्धी वीत ओलांडून माप नीटपणे पुढे जात नसेल तर ते न घेता मोठा मासा घ्यावा, नाहीतर त्या दिवशी बांगडा किंवा मांदेली घ्यावी. कोळीण शहाणी असते. जे खपत नाही ते ती दुसऱ्या दिवशी पाटीत ठेवीत नाही, आणि घरी गेल्यावर तिचा शब्द नौकेवरही चालतो. कायद्याला जे दहा वर्षांत जमत नाही, ते बाजारातील चार नकार एका हंगामात करू शकतात.

नारळाला आपण श्रीफळ म्हणतो. ते वाहताना मागणे एकच असते : आमची माणसे सुखरूप परत येवोत आणि जाळी भरून येवोत. ह्यांपैकी पहिली गोष्ट दर्याच्या हाती आहे. दुसरी मात्र त्याने केव्हाच आपल्या हाती दिली आहे. ज्या वाडीने दोन महिने दर्याला उसंत दिली, आसाचे माप राखले आणि पिल्लांना वाट दिली, तिचा नारळ लाटेवर पडेल तेव्हा तिला मान खाली घालावी लागणार नाही. यंदाच्या पौर्णिमेला प्रत्येक कोळीवाड्याचा नारळ असाच अर्पण होवो, आणि त्या नारळाची लाज राखण्याची सद्बुद्धी आम्हां ताटाशी बसणाऱ्यांनाही लाभो, हीच सागरचरणी प्रार्थना.